हुशार आहे ना ती, मग अडतं कुठे?

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की सायन्स आणि टेक्नॉलॉजीत नव्याने येणाऱ्या मुलींबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि इतके मेल आले की वाचायलाच चार दिवस गेले. बरं वाटलं ते यासाठी की निम्मे प्रश्न मुलींचे नाहीतच, बाबा आहेत, टीम लीड आहेत, एक प्राध्यापक आहेत. इतकी वर्षं सगळे सल्ले मुलींनाच दिले जातात, धीट हो, बोलायला शीक, कॉन्फिडन्स वाढव, आणि तिच्या आजूबाजूला बसलेल्या दहा जणांनी काय करायचं हे कोणी सांगतच नाही. म्हणून यावेळी मी मुद्दाम त्या दहा जणांचे प्रश्न जास्त घेतलेत. नावं अर्थातच काढून टाकलीयेत.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत मार्क चांगले होते पण इथे वर्गातली बरीच मुलं आठवी-नववीपासून कोडिंग करतायत. सरांचा प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असतं आणि मी लूप (कोडमधला पुन्हा पुन्हा चालणारा भाग) कुठे चुकला तेच शोधत बसलेली असते. रोज वाटतं माझं सिलेक्शन चुकून झालंय आणि एक दिवस हे कोणाच्या तरी लक्षात येणार. ब्रांच बदलू का?

आत्ता लगेच नको. कारण तू ज्याच्याशी स्वतःला मोजतेयस ते माप चुकीचं आहे. ती मुलं चार वर्षं आधी सुरू झालीयेत, बस. आधी शिकलेलं असणं वेगळं आणि जमणं वेगळं, पण वर्गात बसल्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली कॉम्प्युटर सायन्सला आलेल्या मुलांमध्ये मुली फक्त ७ टक्के होत्या. तिथे जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर या दोघांनी विद्यार्थ्यांशी सलग काही वर्षं बोलून बघितलं की नक्की होतंय काय, तर मुलींची गोष्ट बरीचशी तुझ्यासारखीच निघाली, आधीचा अनुभव कमी, मग आजूबाजूची मुलं जन्मतःच कॉम्प्युटरवाली आहेत असं वाटायला लागतं, मग आधी आत्मविश्वास जातो आणि त्याच्या मागोमाग आवड जाते. हा क्रम नीट बघ. आवड आधी जात नाही. आणि अनुभव नसलेल्या मुलीही टिकल्या की पुढे बरोबरीला येत होत्या. मग विद्यापीठाने प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला वजन देणं कमी केलं, पहिल्या वर्षाला ज्याची जेवढी तयारी तेवढ्यापासून सुरुवात करता येईल असे कोर्स ठेवले, आणि २००० सालापर्यंत तोच आकडा ४२ टक्क्यांवर गेला. पाच वर्षांत मुलींचा मेंदू तर बदलला नव्हता ना!

दुसरं, ते पकडले जाण्याचं. जोसेलिन बेल नावाची मुलगी केंब्रिजला पीएचडीला आली तेव्हा तिलाही अगदी हेच वाटायचं, की आपण इथल्या लायकीच्या नाही, यांच्या लक्षात आलं की हाकलून देतील. तिने ठरवलं की हाकलेपर्यंत तरी काम काटेकोर करायचं. तिच्या रेडिओ टेलिस्कोपमधून रोज साधारण ३० मीटर कागद बाहेर पडायचा, त्यावर रेघाच रेघा, आणि तो सगळा ती डोळ्यांनी वाचायची. १९६७ मध्ये त्या कागदावर तिला जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची एक विचित्र खरवड दिसली, जी तिच्या ओळखीच्या कशातच बसत नव्हती, आणि तिने ती सोडून दिली नाही. तो सापडलेला पहिला पल्सार होता, म्हणजे वेगाने फिरणारा आणि ठरावीक अंतराने रेडिओ लहरी पाठवणारा तारा. भीती असावी असं मी अजिबात म्हणत नाहीये, ती मुलगी त्या भीतीशिवायही तितकीच चांगली शास्त्रज्ञ झाली असती. मी एवढंच सांगतेय की 'मी इथली नाही' असं वाटणं हा तू इथली नसल्याचा पुरावा नव्हे. (त्या शोधाचं १९७४ चं नोबेल तिच्या गाईडला मिळालं, तिला नाही. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचं एक मोठं बक्षीस मिळालं तेव्हा तिने ते सगळंच्या सगळं देऊन टाकलं, फिजिक्समध्ये ज्यांना सहज जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या पीएचडी स्कॉलरशिपसाठी.)

आता करायचं काय. एक वही कर, त्यात फक्त चुका लिहायच्या, आज काय अडलं, कुठे सापडलं, कसं सुटलं. तीन महिन्यांनी पहिली पानं उघडून बघ, ज्या गोष्टीला तेव्हा दोन तास लागले होते ती आता दहा मिनिटांत होत असेल. दोन-तीन जणी, जण, जे कोणी असतील त्यांचा ग्रुप कर पण कोड स्वतः टाईप कर, दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघून समजतं असं वाटतं, खरं समजत नाही. आणि सरांना वर्गात विचारायला नको वाटत असेल तर वर्ग संपल्यावर जाऊन विचार. वर्षभराने हे काम आवडत नाहीये असं वाटलं तर खुशाल बदल ब्रांच, त्यात कमीपणा काही नाही, फक्त शेजारचा फास्ट आहे म्हणून बदलू नकोस.

प्रश्न : आम्ही दोघंही सायन्स शिकलेलो नाही. मुलीला फिजिक्समध्ये रिसर्च करायचाय. ती काय वाचते ते आम्हाला कळत नाही. आम्ही तिला कशी मदत करणार?

बाबा, तुमचा मेल मी दोनदा वाचला. तुम्हाला फिजिक्स यायची गरजच नाहीये. तिला घरी असा माणूस लागेल ज्याच्यासमोर ती म्हणू शकेल की आज काहीच चाललं नाही. रिसर्चमध्ये महिनेच्या महिने काही चालत नाही, सेटअप बिघडतो, रीडिंग चुकीची येतात, पेपर परत येतो, आणि हे सगळ्यांचंच होतं. पण घरी जर रोज 'कसं चाललंय, छान ना?' एवढंच विचारलं जात असेल तर ती छान म्हणून मोकळी होणार. त्याऐवजी 'आज कुठे अडलं?' विचारा, आणि ती सांगायला लागली की मध्ये न बोलता ऐका. समजलं नाही तर समजलं नाही म्हणा, परत सांग म्हणा. दुसऱ्याला सोपं करून सांगताना तिचं तिलाच सुचतं, हे मी कित्येकदा बघितलंय.

आणि एक गोष्ट टाळा, 'झेपेल ना तुला?' काळजीनेच विचारतो आपण, पण ऐकणाऱ्याला त्यात शंका ऐकू येते. मुलगा असता तर विचारलं असतं का, एवढं फक्त स्वतःशी बघा.

पुढे कधीतरी रात्रीचं काम येईल, ऑब्झर्व्हेटरीवर जायचं असेल, लांब फील्डवर राहायचं असेल. तेव्हा पहिल्यांदा तोंडात नको येतं. त्या जागी 'तिथे व्यवस्था काय आहे?' हा प्रश्न येऊ द्या. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत बायकांना निरीक्षणाला घेत नव्हते आणि कारण काय सांगायचे, तर टॉयलेट एकच आहे. व्हेरा रुबिन १९६५ मध्ये तिथे गेली, अधिकृत परवानगी मिळालेली पहिली बाई, आणि तिने कागदाचा छोटा स्कर्ट कापून त्या टॉयलेटच्या दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला. इतक्या वर्षांची अडचण दोन मिनिटांत सुटली. तिनेच पुढे आकाशगंगांच्या फिरण्याचा वेग मोजून डार्क मॅटरचे, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे, भक्कम पुरावे दिले. तर व्यवस्था विचारा, नसेल तर मागा, मुलीला घरी बसवणं हा शेवटचासुद्धा पर्याय ठेवू नका.

प्रश्न : मी सहा जणांच्या सॉफ्टवेअर टीमचा लीड आहे. दोन मुली नवीन आल्यात, दोघी हुशार आहेत, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. मी त्यांना सांगून बघितलं की बिनधास्त बोला, तरी फरक नाही. त्यातली एक मिनिट्स, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद, मात्र सुंदर लिहिते. काय करू?

तुमच्या मेलचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. जी मिनिट्स लिहितेय ती बोलणार कधी? मी स्वतः लॅबमध्ये पहिली दोन वर्षं प्रत्येक मीटिंगची मिनिट्स लिहिली, अक्षर चांगलं म्हणून, आणि त्या दोन वर्षांत माझं एकही मत कुठे नोंदलं गेलं नाही, कारण नोंदवणारी मीच होते आणि दुसऱ्यांचं लिहिता लिहिता माझं राहून जायचं. तेव्हा मला ते कौतुकच वाटायचं, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

अशी कामं प्रत्येक ऑफिसात असतात, करावी तर लागतात पण प्रमोशनच्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही. मिनिट्स, फेअरवेल, वाढदिवसाची वर्गणी, नवीन माणसाला सगळं दाखवणं. लिंडा बॅबकॉक ही अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केलेत, त्यात दिसलं की मिश्र ग्रुपमध्ये अशा कामाला बायका जास्त वेळा हात वर करतात, पण ग्रुप फक्त पुरुषांचा असेल तर पुरुषही तेवढेच हात वर करतात. म्हणजे बायकांना हौस असते असं काही नाही, सगळे त्यांच्याकडे बघत असतात आणि त्यांनाही ते माहीत असतं. तेव्हा कोण करणार असं विचारूच नका, पाळी लावा, सहा आठवडे सहा जण, तुम्ही धरून.

मीटिंगचं म्हणाल तर 'बिनधास्त बोला' याचा उपयोग होत नाही. विषय आदल्या दिवशी पाठवा. सुरुवातीलाच सगळ्यांना एकेक मिनिट द्या, सगळ्यात ज्युनिअरपासून सुरू करून, कारण सीनिअर बोलल्यावर त्याच्या विरुद्ध बोलणं कोणालाच सोपं नसतं. कोणी मध्येच तोडलं तर तुम्ही म्हणा, थांब, तिचं पूर्ण होऊ दे. आणि तिचीच आयडिया दहा मिनिटांनी दुसरा कोणी बोलला तर 'हो, हे मगाशी ती म्हणाली ते' असं सगळ्यांसमोर म्हणा. हे तुम्हीच करायचं आहे, तिने स्वतः केलं तर ती भांडखोर ठरते.

पण मला वाटतं खरं दुखणं मीटिंगच्या बाहेर आहे. एकदा बसून कागदावर लिहून काढा, गेल्या सहा महिन्यांत कोणाला कुठलं काम दिलं. डिझाईन कोणाकडे गेलं, टेस्टिंग आणि डॉक्युमेंटेशन कोणाकडे, क्लायंटसमोर कोण उभं राहिलं, रात्री सर्व्हर पडला तेव्हा फोन कोणाला गेला. तुमचं मन साफ असेल हो, मी मानते, पण मन साफ असून भागत नाही. २०१२ मध्ये एक अभ्यास झाला, अमेरिकेतल्या सायन्सच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला, अक्षर न अक्षर तोच, फक्त अर्ध्यांना नाव जॉन आणि अर्ध्यांना जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला, त्याला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर देऊ केले आणि जेनिफरला २६,५०८. आणि हे स्त्री प्राध्यापकांनीही तितकंच केलं. त्यातल्या कोणाला आपण भेदभाव करतोय असं वाटलं असेल असं मला वाटत नाही.

म्हणून मोजायचं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्राध्यापक नॅन्सी हॉपकिन्सला लॅबसाठी थोडी जास्त जागा हवी होती, मिळेना, तेव्हा ती रात्री टेप घेऊन सगळ्यांच्या लॅब मोजत फिरली आणि बायकांना जागा कमी आहे हे आकड्यात दाखवलं. १९९४ मध्ये तिथल्या सायन्स विभागात कायम झालेले पुरुष प्राध्यापक १९४ होते आणि बायका १५. संस्थेने १९९९ मध्ये हे जाहीरपणे मान्य केलं, आणि मला वाटतं की ते टेपमुळे झालं, नुसत्या तक्रारीवर झालं नसतं. अंतराळातला हबल टेलिस्कोप कोणी किती वेळ वापरायचा हे ठरवणाऱ्यांनी २०१८ पासून प्रस्तावांवरची नावंच काढून टाकली, परीक्षकांना फक्त काम दिसलं, आणि त्या वर्षी बायकांच्या प्रस्तावांचं यशाचं प्रमाण पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा किंचित वर गेलं.

आणि शेवटचं, सल्ला देणारे खूप मिळतात तिला. तुम्ही तिचं नाव घ्या, जिथे ती नसते तिथे. पुढच्या प्रोजेक्टला कोण, असं वरचे विचारतील तेव्हा तिचं नाव घ्या आणि तिने काय केलंय ते एका वाक्यात सांगा.

प्रश्न : नोकरीला चार वर्षं झाली. सीनिअर पोस्टची जाहिरात आलीय, आठ अटी आहेत, माझ्यात सहा बसतात. पुढच्या वर्षी आठही होतील. थांबू ना?

अर्ज कर. आजच कर, म्हणजे हे वाचून झालं की.

जाहिरातीतल्या अटी ही बहुतेक वेळा इच्छांची यादी असते, आठही असलेला माणूस सहसा मिळत नाही आणि लिहिणाऱ्यांनाही ते माहीत असतं. तुझ्यातल्या दोन कमी आहेत त्या कुठल्या ते बघ. लायसन्स, ठरावीक डिग्री असं काही असेल तर गोष्ट वेगळी, पण एखादं टूल येत नाही किंवा पाचऐवजी चार वर्षं झालीयेत एवढंच असेल तर ते नाकारायचं काम त्यांचं आहे, तू त्यांच्या वतीने स्वतःला नाकारू नकोस.

डोना स्ट्रिकलंडला २०१८ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, लेझरच्या कामासाठी, जे तिने विद्यार्थिनी असताना केलं होतं आणि ज्याचा पेपर १९८५ चा आहे. १९०३ मध्ये मेरी क्युरी, १९६३ मध्ये मारिया गेपर्ट मेयर आणि मग ही, फिजिक्समध्ये तोवरची तिसरीच बाई. आणि नोबेल मिळालं त्या दिवशी ती असोसिएट प्रोफेसर होती. लोकांनी विचारलं तुम्ही अजून फुल प्रोफेसर कशा नाही, तर ती म्हणाली मी कधी अर्जच केला नाही. तिला त्याची खंत नव्हती, ती तिच्या कामात खूश होती. पण तुला ती पोस्ट हवीय, मेलमध्ये तू तीन वेळा लिहिलंयस, मग वाट कशाची बघायची?

अर्ज करायच्या आधी तुझ्या क्षेत्रातल्या दोन जणांना बायोडेटा दाखव. 'टीमला मदत केली' असं जिथे जिथे लिहिलंयस तिथे नक्की काय केलं ते लिही. मुली 'आम्ही' लिहितात आणि त्या आम्हीमध्ये स्वतःचं काम बुडून जातं.

प्रश्न : लॅबमध्ये ग्लोव्हज आणि अ‍ॅप्रन फक्त मोठ्या साईजचे आहेत. सांगितलं तर चोचले वाटतील का?

चोचले कसले, हा सेफ्टीचा प्रश्न आहे. सैल ग्लोव्हमध्ये टेस्ट ट्यूब निसटते, लांब बाही बर्नरवर जाते. लेखी मागणी दे, साईज आणि नग लिहून, आणि कारण 'अपघाताचा धोका' असंच लिही. २०१९ च्या मार्चमध्ये दोन बायकांचा पहिला एकत्र स्पेसवॉक ठरला होता तो मीडियम साईजचा सूट एकच तयार होता म्हणून बदलावा लागला, दोघींपैकी एकीच्या जागी पुरुष अंतराळवीर गेला. मग त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला क्रिस्टिना कोच आणि जेसिका मीर गेल्या. तुझ्या पुढच्या बॅचच्या मुलींनाही ते ग्लोव्हज लागणारच आहेत.

प्रश्न : मी प्राध्यापक आहे. आमच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गातून पहिल्या सेमिस्टरनंतर मुली गळतात. मुलींसाठी वेगळं काही केलं तर मुलं म्हणतात हा अन्याय आहे.

वेगळं करूच नका, सगळ्यांसाठी बदला. अमेरिकेत हार्वे मड नावाचं एक छोटं कॉलेज आहे, तिथे २००६ च्या सुमाराला कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली १० टक्क्यांच्या आसपास होत्या. त्यांनी पहिला कोर्स दोन तुकड्यांत केला, आधी कोडिंग केलेल्यांची वेगळी, पहिल्यांदाच करणाऱ्यांची वेगळी. जावाऐवजी पायथन ही सोपी प्रोग्रॅमिंगची भाषा आणली, कोड कशासाठी लिहायचा याचे प्रश्न खऱ्या कामातले घेतले, आणि पहिल्या वर्षानंतरच रिसर्चची संधी दिली. पाच वर्षांत ४० टक्के. शिवाय जे विद्यार्थी वर्गात सारखं उत्तर देऊन बाकीच्यांना गप्प करायचे त्यांना प्राध्यापक बाजूला घेऊन प्रेमाने सांगायचे की तुझ्याशी बोलायला मजा येते, पण हे आपण वर्गाबाहेर बोलू या. आता यात मुलांवर अन्याय कुठे आहे? कधीही कोड न लिहिलेला मुलगाही त्याच नवशिक्यांच्या तुकडीत सुखाने शिकला.

प्रश्न : माझी मैत्रीण पीएचडी करतेय. गाईड रात्री उशिरा वैयक्तिक मेसेज करतात, एकटीलाच थांबायला सांगतात. ती म्हणते थीसिस संपेपर्यंत सहन करते. मी काय करू?

तिला सांग की यात तिचं काही चुकलेलं नाही, आणि मग शांतपणे कामाला लागा. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घेऊन संस्थेच्या मेलवर किंवा कॉम्प्युटरवर नको, स्वतःच्या वेगळ्या जागी ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं, दोन-दोन ओळी पुरतात. तिच्या डेटाची आणि थीसिसच्या ड्राफ्टची कॉपी तिच्याकडे आहे ना हे आजच बघा, कारण वाद सुरू झाला की लॅबचा पासवर्ड पहिल्यांदा बदलतो.

मग तक्रार समिती आणि विभागातल्या दुसऱ्या एका प्राध्यापकाकडे जायचं, आणि सोबत तू जा. गाईड बदलून मिळतो का, आधीचं काम नव्या गाईडकडे मोजलं जातं का, स्कॉलरशिप चालू राहते का, हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तक्रार कधी करायची हे मात्र तिला ठरवू दे, तिच्या वतीने तू करू नकोस, फक्त तिला धोका आहे असं वाटलं तर थांबू नकोस.

सहन करते असं ती म्हणतेय कारण तिला वाटतंय की दोनच पर्याय आहेत, सहन करणं नाहीतर सोडणं. गाईड बदलून डिग्री पूर्ण केलेल्या दोन मुली मी जवळून बघितल्यात, वर्ष-दीड वर्ष जास्त लागलं, आज दोघी रिसर्चमध्येच आहेत. तिला मला लिहायचं असेल तर लिहू दे, तो मेल इथे छापणार नाही.